पिस्तूल नसलेली स्टार्टर

आजींच्या उजव्या गुडघ्यावर, कातडीच्या आत, पाच-सहा काळे ठिपके होते. पहिल्या दिवशी मला तो मळ वाटला. मी ओल्या कापसाने पुसायला लागले, जात नाही म्हणून जरा जोर केला. आजी खुर्चीत बसून माझी गंमत बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सत्तर वर्षं मी घासतेय. तू आज आलीस आणि आजच काढणार?"

आम्ही अर्थातच इंग्रजीत बोलत होतो. त्यांचं इंग्रजी वेल्सचं, चालीवर म्हटल्यासारखं, आणि माझं सांगली जिल्ह्यातलं, शारजात पंचवीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींना "काय?" एवढंच विचारत होतो. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण माझ्या डोक्यात त्या आता मराठीतच बोलतात.

ते ठिपके म्हणजे जळक्या कोळशाची खडी होती. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, तिकडे धावायचे ट्रॅक त्याच खडीचे असत. भट्टीतून निघालेली खडी पसरायची, वरून रोलर फिरवायचा, झाला ट्रॅक. पडलं की खडी कातडीत शिरायची आणि राहिली ती राहिली. मी माझी डावी बाही वर सारून कोपर दाखवलं. तिथे मुरमाच्या मैदानावर पडल्याचा लांबट व्रण आहे, जिल्हा स्पर्धेतला. आजींनी चष्मा लावून तो नीट बघितला आणि विचारलं, "शंभर?" मी म्हटलं, "शंभर आणि दोनशे." त्या दिवसापासून त्यांनी मला 'नर्स' म्हणणं सोडलं आणि 'कारियाद' म्हणायला लागल्या. त्यांच्या भाषेत ते 'बाळा', 'राणी' असं काहीतरी आहे. पन्नाशी उलटल्यावर कुणी बाळा म्हटलं की बरं वाटतं. मीही 'मॅडम'वरून 'आजी'वर आले.

मी फिजिओथेरपिस्ट नाही, त्यांची असिस्टंट. फिजिओथेरपिस्ट तरुण असतात, आठवड्यातून एकदा येतात, टॅबवर काहीतरी लिहितात आणि जातात. रोज येऊन पेशंटला उठवायचं, बसवायचं, चार पावलं चालवायचं, ते माझ्यासारखीने. शारजातल्या अल नहदातून सकाळी गाडी काढायची, दुबईची हद्द ओलांडेपर्यंत जीव नकोसा व्हायचा, मग दिवसभरात तीन-चार घरं. आजींचं घर त्यातलं शेवटचं असायचं. घर त्यांच्या मुलाचं होतं. मुलगा म्हणजे साठीला आलेला इंजिनिअर, बायकोपासून केव्हाच वेगळा झालेला, माणूस सभ्य पण मोजून बोलणारा. आईला एकटीला गावी ठेवणं अशक्य झालं तेव्हा तो तिला इकडे घेऊन आला होता. आजी एक्क्याण्णव वर्षांच्या. आत्ता चहा प्यायला की नाही हे त्यांना आठवायचं नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या शर्यतीत आपल्या डाव्या लेनमध्ये कोण होतं, तिच्या बुटाची नाडी कशी बांधलेली होती, हे लख्ख आठवायचं.

त्या हिवाळ्यात आजी बाथरूममध्ये पडल्या. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर मी त्यांच्याकडे लागले.

त्यांचं एकच मागणं होतं. घरी जायचं. घरी म्हणजे वेल्सला, त्यांच्या त्या दरीतल्या गावाला. "मला तिथे मरायचंय, इथे नाही," असं त्या भाजी आणायला सांगावी तितक्या साधेपणाने सांगायच्या. मुलाने ते मनावर घेतलं होतं. गावातल्या वृद्धाश्रमात खोली मिळवली होती आणि ईदनंतरचं विमानाचं तिकीटही काढलं होतं. अडचण एकच होती. विमान कंपनीला डॉक्टरची चिठ्ठी हवी होती, की पेशंट सीटवर बसू शकते आणि एका माणसाच्या मदतीने उठून टॉयलेटपर्यंत जाऊ शकते. म्हणजे खुर्चीतून उठायचं आणि वॉकर धरून दहा-बारा पावलं टाकायची. एवढं जमलं तर घर, नाही तर नाही. ते जमवायचं काम माझं होतं.

आणि आजी उठेनात. पाय वाईट नव्हते, तसे पाय मी साठीच्या बायकांचेही बघितलेले नाहीत. पण मनात भीती बसली होती. मी "वन, टू, थ्री" म्हणायचे आणि त्या खुर्चीचे हात घट्ट धरून माझ्याकडे बघायच्या. "थ्री झालं," मी म्हणायचे. "झालं असेल," त्या म्हणायच्या. दहा दिवस असेच गेले. मला पेशंटचा राग येत नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण येतो. आजींचा तर इतका आला होता की एकदा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अकराव्या दिवशी वैतागून, खरं तर चिडवायला म्हणून, मी म्हटलं, "ऑन युवर मार्क्स."

आजींची मान वर झाली. त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या. स्वतःहून. दोन्ही पाय मागे घेतले, बोटं वॉकरच्या दांड्यावर रोवली. मी हळूच म्हटलं, "सेट." आणि त्या उठल्या. कंबर वर, पाठ ताठ, नजर समोर. उठल्या आणि तशाच स्थिर उभ्या राहिल्या, कारण 'सेट' म्हटल्यावर पिस्तूल वाजेपर्यंत हलायचं नसतं. मी त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि मला रडू येत होतं.

हा पट्टा आम्ही प्रत्येक पेशंटला बांधतो. रुंद, कापडी, मागे पकडायला मूठ असलेला. तो धरल्याशिवाय पेशंटला उभं करायचं नाही, हा आमचा पहिला धडा.

पुढचे पाच आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते. रोज आमची शर्यत. 'सेट'वर त्या उठायच्या, मग मी "आता चालू या" म्हणायचे आणि आम्ही चालायचो. आधी तीन पावलं, मग पाच, मग नऊ. "पिस्तूल नसलेली स्टार्टर," त्या मला म्हणायच्या. "आमच्या वेळी अशी मिळाली असती तर मी कधीच उशिरा निघाले नसते." चालताना दम लागला की थांबायचं आणि थांबलं की त्या बोलायच्या. त्यांचं सगळं धावणं मी असं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

वडील खाणीत होते. चर्चच्या सहलीत गवतावर मुलग्यांच्या शर्यतीत त्या घुसल्या आणि पहिल्या आल्या, तर बक्षीस दुसऱ्या आलेल्या मुलाला दिलं. मग पत्र्याच्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी. आठवड्यातून दोन संध्याकाळी सुटल्यावर बस पकडून शेजारच्या शहरातल्या ट्रॅकवर जायचं. शिकवणारे एक म्हातारे खाणकामगार होते, छातीत कोळशाची धूळ भरलेले. ते बाकावर बसून शिट्टी वाजवायचे, कारण ओरडायला दम नव्हता. आजींच्या पिशवीत बुटांबरोबर बागकामाचं खुरपं असायचं. स्टार्टिंग ब्लॉक सगळीकडे नसत, खडीत पाय रोवायला दोन खड्डे आपले आपण खणायचे. बसचा कंडक्टर दर वेळी विचारायचा, "आज बटाटे लावणार की माणूस पुरणार?" हे सांगताना त्या प्रत्येक वेळी नव्याने हसायच्या.

त्यांची वेल्सच्या संघात निवड झाली तेव्हा बायकांच्या मापाचं बनियनच नव्हतं. पुरुषाचं घेऊन त्यांनी बाजूने आत घेतलं आणि छातीवरचा लाल ड्रॅगन, वेल्सचं चिन्ह, स्वतः शिवला. एकच मोठी स्पर्धा त्यांच्या वाट्याला आली, बोटीने जावं लागलं. दोनशे वीस यार्डांच्या उपांत्य फेरीत चौथ्या आल्या, पुढे जाणार होत्या तिघी. निर्णय डोळ्यांनी द्यायचा, शिडीवर बसलेल्या तीन पुरुषांनी. "मी तिसरी होते, कारियाद. छातीला कळतं ते," असं त्या म्हणायच्या. मी विचारलं, तक्रार केली नाही का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. चोविसाव्या वर्षी लग्न झालं. धावणं बंद कर असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या हंगामाचं कुणी विचारलंच नाही, इतकंच.

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या लग्नात माझे धावायचे बूट माहेरच्या माळ्यावर गेले, ते कुणी टाकलेही नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत.

शंभर यार्डांचा त्यांचा त्यांच्या भागातला विक्रम अजूनही त्यांच्याच नावावर होता. "कुणी मोडणारच नाही," त्या म्हणाल्या. "यार्डच बंद झाले. सगळे मीटर धावायला लागले." त्या हसल्या, पण मला ते फार लागलं. आपण आयुष्यात एक गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली करावी आणि जगाने ते अंतरच मोजायचं सोडून द्यावं, याचा कुणावर राग धरायचा तेच कळत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. ती एका दिवसात झालेली नाही.

पहिल्या आठवड्यात मी 'सेट' म्हणताना पट्टा दोन्ही हातांनी धरत होते. मग एका हाताने. मग आजी म्हणाल्या, "स्टार्टर कधी धावणाऱ्याला धरून उभा राहतो का?" मला ते पटलं, हेच वाईट. दुसऱ्या कुणा असिस्टंटने ते हसण्यावारी नेलं असतं. मी ट्रॅकवर वाढलेली, मला ते रास्त वाटलं. मी एक पाऊल मागे झाले. मग दोन. शेवटी शेवटी मी त्यांच्या मागे बाजूला, तीन पावलांवर, उजवा हात वर करून उभी राहायला लागले. आजी काय झोकात उठायच्या. पट्टा त्यांच्या कमरेला नुसता बांधलेला असायचा.

रमजान चालू होता. इफ्तारच्या आधीच्या तासात रस्त्यांवर जे होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी मी आधीच्या पेशंटकडून उशिरा निघाले आणि आजींकडे पोचायला सहा वाजून गेले. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या मैदानाशी गाड्याच गाड्या, लहान मुलं, पोलिसांची जीप. रोजा सुटला हे कळवायला सूर्यास्ताला उडवतात ती तोफ. रोज वेगळ्या वस्तीत नेतात ती, त्या संध्याकाळी इथे आली होती. मी ती डोळ्यांनी बघितली. पार्किंग मिळेना म्हणून चिडले, यापलीकडे माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

घरात आम्ही दोघीच होतो. कामवालीची सुट्टी होती. आजी वाट बघत बसलेल्या, केस विंचरून. डॉक्टर चार दिवसांनी तपासायला येणार होते आणि आदल्या दिवशी आमची अकरा पावलं झाली होती. मी पट्टा बांधला, वॉकर समोर ठेवला, तीन पावलं मागे गेले, हात वर केला.

"ऑन युवर मार्क्स." त्या सरकल्या.

"सेट." त्या उठल्या.

आणि तोफ उडाली. खिडकीची काच थरथरली.

आजींनी वॉकर सोडला आणि त्या धावल्या. चालल्या नाहीत, धावल्या. कोपरं काटकोनात, गुडघा वर, मान पुढे. तीन पावलं. आणि मला जे सांगायची लाज वाटते ते हे, की त्या तीन पावलांत मी जागची हलले नाही. मी बघत राहिले. काय सुंदर स्टार्ट, असं माझ्या मनात आलं. मला आनंद झाला. मग चौथं पाऊल आलं नाही आणि त्या उजव्या कुशीवर टाइल्सवर पडल्या.

अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी एकदाच विचारलं, "मी काही वेडेपणा केला का?"

मी म्हटलं, "नाही हो आजी."

पण नाही म्हणून पुढे जे सांगायचं ते सांगितलं नाही. त्यानंतर मी ऑफिसला फोन केला. सुपरवायझर त्या वेळी खजूर तोंडात घालत असणार. तो म्हणाला, "पेशंट खुद उठी ना? तो वही लिखो. स्लिप अँड फॉल. यल्ला, जल्दी फॉर्म भेजो, खलास." पट्टा कुणाच्या हातात होता हे त्याने विचारलं नाही. लायसन्स, व्हिसा, मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मुलगा हॉस्पिटलमध्ये धावत आला तेव्हा मी म्हटलं, "सर, मी टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात त्या एकट्याच उठल्या." वाक्य तयारच होतं. कुठून आलं कोण जाणे.

दुसऱ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मी रोज काम संपवून जात होते. माझं तिथे काम नव्हतं, तरी जात होते.

तिसऱ्या दिवशी त्यांना जरा शुद्ध होती. मुलगा कॉटशी बसला होता. तो रागावणारा माणूस नव्हे, पण दोन दिवस झोपला नव्हता. आईला तो त्यांच्याकडच्या रीतीने 'मॅम' म्हणायचा. तो म्हणाला, "मॅम, एवढं सांगितलं होतं. एकटीने उठायचं नाही. का उठलीस? डॉक्टर यायला चार दिवस राहिले होते."

आजींना काहीच आठवत नव्हतं. त्या आधी गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "सॉरी, राजा," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी थांबायला हवं होतं."

मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते, हातात त्यांचा चष्मा. तोंड उघडायला तेव्हाइतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी चष्मा पुसला आणि डब्यात ठेवला.

त्यानंतर त्या विसरायच्या आणि पुन्हा विचारायच्या की आपण इथे का आहोत. मुलगा सांगायचा की तू एकटीच उठलीस. आणि त्या प्रत्येक वेळी नव्याने सॉरी म्हणायच्या. विसरणाऱ्या माणसाला एकच वाईट बातमी रोज नवी असते. माझं खोटं त्यांना रोज सांगितलं जात होतं आणि त्या रोज त्याची माफी मागत होत्या.

छातीत कफ झाला. तिकीट रद्द झालं. ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, इथेच, दुबईत.

घरी मी मुलीला सगळं सांगितलं. ती इथेच वाढलेली, मी मराठीत बोलले तरी उत्तर इंग्रजीत येतं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मम्मा, यू हॅव टू टेल हिम."

"आता सांगून काय होणार आहे? त्यांची आई परत येणार आहे का?"

"नो. बट ही थिंक्स शी डिड इट."

मी तिच्यावर ओरडले. जेवलीस का, अभ्यास केलास का, असलं काहीतरी. तिने ताट उचललं आणि आत गेली. ती बोलली होती ते अगदी बरोबर होतं.

तीन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. हॉलमध्ये खोके भरून ठेवले होते. अस्थी तो स्वतः वेल्सला घेऊन जाणार होता. त्याने मला बसायला सांगितलं, चहा विचारला, आईसाठी एवढं केल्याबद्दल आभारही मानले. ते मला पुरं होऊ देववेना. मी मध्येच बोलायला लागले. सगळं सांगितलं. खेळ, 'सेट', पट्टा, तीन पावलं मागे, तोफ. मला आनंद झाला होता हेही सांगितलं. लायसन्सचं तुम्हाला जे करायचं ते करा म्हटलं. टॉवेल नव्हताच, असंही म्हटलं.

तो म्हणाला, "म्हणजे ती एकटी उठली नव्हती."

"नाही सर. मी उठवलं. मी सांगितलं म्हणून त्या उठल्या."

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"शेवटच्या दिवशी पहाटे ती शुद्धीवर होती," तो म्हणाला. "पुन्हा सॉरी म्हणाली. घरी जाता आलं नाही, माझ्यामुळे तुझे सगळे कष्ट फुकट गेले, म्हणाली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, जाऊ दे मॅम, मी तुला माफ केलं."

तो माझ्याकडे बघत होता. "मी तिला माफ केलं," तो पुन्हा म्हणाला.

मी माफी मागायला गेले होते. ती न मागताच उठले.